ओसरीवर २८.६, कोठीत २७.१

२०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला आली. त्या रात्री गोव्यात वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला असलेल्या एका घरात घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती रंगली असताना दिवे गेले. समई तेवत होती म्हणून गणपती काळोखात राहिला नाही. पाहुण्यांनी मोबाइलचे टॉर्च धरून आरती पुरी केली, गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या फळांच्या सावल्या भिंतीभर नाचल्या, मुलांना मजाच आली. काकांना आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नल मिळतो तिथवर चालत जाऊन त्यांनी मला फोन केला, "तुझ्या त्या सोलरनं लाज काढली रे."

सोलर माझा नव्हता, मी बसवलेला नव्हता. पण नात्यागोत्यात एकाला मीटर धरता येतो असं कळलं की सगळ्यांचे सोलर त्याच्या नावावर चढतात. मी साखळीला मोटार रिवाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. लगेच गेलो नाही, कारण आभाळ भरलेलं असताना चार्जिंग मोजणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, स्वच्छ ऊन पडायला लागल्यावर गेलो. तोवर तिथे दोन जण येऊन दोन निदानं करून गेले होते.

घर चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं. पुढे ओसरी, मागे कोठी, बाजूला गोठा, खाली कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि वर काजूची झाडं. शेवटचा विजेचा खांब बराच अलीकडे संपतो आणि मधे जंगल आहे. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, त्यामुळे तिथून लाइन ओढायची तर आधी परवानग्यांची वाट बघायची. म्हणून काकांनी २०२२ च्या जानेवारीत सोलर घातला. गोठ्याच्या पत्र्यावर ३३० वॅटची ७२ सेलवाली ३ पॅनेल, तिन्ही पॅरललमध्ये. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) ४ ट्युब्युलर बॅटऱ्या, दोन-दोन सिरीजमध्ये घेऊन त्या दोन जोड्या पॅरलल. म्हणजे २४ व्होल्ट, ३०० एएच. अ‍ॅसिडचा वास आणि गॅस घरात नको म्हणून बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर मागच्या कोठीत. ४० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेलचा करंट चालू-बंद करून चार्जिंग आवरणारा डबा, मात्र ओसरीच्या भिंतीवर, जाता-येता आकडा दिसावा म्हणून. कंट्रोलर ते बॅटरी केबल ९ मीटर, ६ स्क्वेअर एमएमची.

लोड फार नाही. ९ वॅटचे ६ एलईडी, दोन बीएलडीसी पंखे, टीव्ही, मोबाइल. पाणी वरच्या झऱ्यावरून पाइपानं आपसूक येतं, त्यामुळे पंप नाही. २०२३ च्या मे महिन्यात १८० लिटरचा फ्रिज आला, काजूच्या पैशातून. सगळं धरून दिवसाला साधारण पावणेदोन-दोन युनिट. बॅटऱ्यांत ७.२ युनिट मावतात आणि त्यातले निम्मेच वापरायचे म्हटलं तरी ३.६ उरतात. कागदावर दोन रात्रींची बेगमी. प्रत्यक्षात पहाटे तीनला इन्व्हर्टर शिटी मारून बंद पडायचा.

पहिलं निदान ऑक्टोबरात झालं. आलेल्या माणसानं भर दुपारी कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या केबलला टाँगटेस्टर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, लावला. आकडा ०.०. ऊन चांगलं होतं, म्हणजे पॅनेल ठीक; करंट जात नाही, म्हणजे कंट्रोलर मेला. नवा कंट्रोलर बसला, पैसे गेले, आणि इन्व्हर्टर पुन्हा पहाटे तीनलाच बंद. तो टाँगटेस्टर कसला होता हे मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "तोच रे, लाइनमनकडे असतो तसला." तिथेच घोळ. बाजारातले बहुतेक स्वस्त टाँगटेस्टर फक्त एसी मोजतात. त्यांच्या जबड्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि ट्रान्सफॉर्मरला बदलता करंट लागतो. बॅटरीचा करंट सरळ वाहतो. त्यातून २० अँपिअर जावोत की ५०, तसला मीटर शून्यच दाखवणार. डीसीसाठी हॉल सेन्सरवाला टाँगटेस्टर लागतो. त्याच्या डायलवर 'ए' या अक्षराशेजारी नागमोडी रेघेबरोबर सरळ रेघही असते. विकत घेताना ती सरळ रेघ बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मीही दुकानदारच आहे.

दुसरं निदान ऐकायला चोख होतं. नवा कंट्रोलर सकाळी अकरालाच २८.८ दाखवून 'फुल' म्हणतो. फुल झालेली बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही. म्हणजे बॅटऱ्या खलास, चारही बदला, साठ-पासष्ट हजार. काका तयारही झाले होते. अडवलं काकींनी. काकी निवृत्त शिक्षिका, माहेर बेळगावचं, त्यामुळे घरात सगळा कारभार मराठीत आणि शाळेच्या शिस्तीत. त्यांनी त्या माणसाला एवढंच विचारलं होतं, "हा डबा ओसरीवर आहे. कोठीतली बॅटरी भरली हे त्याला कसं कळतं?" त्यानं उत्तर दिलं, "वायरनं कळतं." उत्तर बरोबर होतं. फक्त त्या वायरीला कुणी मीटर लावला नव्हता.

मी संध्याकाळी पोचलो आणि मुक्काम केला, कारण बॅटरीचा खरा व्होल्टेज तिला झोपू दिल्याशिवाय कळत नाही. चार्जिंग चालू असताना तो फुगलेला असतो, लोड असताना दबलेला. रात्री नऊला इन्व्हर्टर बंद केला, पॅनेलचा एमसीबी पाडला. फ्रिजमधली सोलकढी त्या रात्री आम्हालाच संपवावी लागली.

सकाळी सहाला कोठीत. मोजण्याआधी दोन कामं. काकांना हातातली अंगठी काढायला लावली. १५० एएचच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पाना आणि अंगठी एकदम टेकली तर बोट राहत नाही. माझ्या तेराच्या पान्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते ती याच भीतीनं. दुसरं काम म्हणजे माझे दोन्ही मीटर एकाच बॅटरीला लावून पाहिले. दोघांत ०.०३ व्होल्टचा फरक. मग एक बाजूला ठेवला आणि त्या दिवसाचं सगळं एकाच मीटरनं मोजलं. जिथे एका-दीड व्होल्टवर सगळा निकाल आहे तिथे दोन मीटरांची साक्ष घेऊ नये.

पहिली जोडी १२.२१ आणि १२.१९. दुसरी १२.३० आणि १२.१०. दोन्ही जोड्यांची बेरीज २४.४०, जी यायलाच हवी, कारण त्या पॅरलल आहेत. दुसऱ्या जोडीतली १२.१० वाली लक्षात ठेवा, ती पुढे येते.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती मोबाइलवरच्या तक्त्यांत सापडत नाही. 'भरलेली बॅटरी म्हणजे १२.७ व्होल्ट' हा आकडा गाड्यांच्या बॅटरीचा, जिची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडचा घट्टपणा, पूर्ण भरल्यावर १.२६५ च्या आसपास असते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या भरल्यावर १.२४० ला थांबतात. सेलचा विश्रांतीतला व्होल्टेज ढोबळमानानं ग्रॅव्हिटी अधिक ०.८४. म्हणजे १.२४० ला सेलमागे २.०८, सहा सेलला १२.४८. या बॅटऱ्यांचं पूर्ण पोट साडेबारालाच भरतं. तो तक्ता घेऊन बसलात तर ठणठणीत बॅटरीलाही आजारी ठरवाल.

त्या हिशेबानं १२.२० म्हणजे ग्रॅव्हिटी १.१९३ च्या जवळ यायला हवी होती. झाकणं उघडून ग्रॅव्हिटी घेतली तर बहुतेक सेल १.१७०-१.१७५ वर, आणि त्या १२.१० वाल्या बॅटरीचा एक सेल १.१५०. व्होल्टमीटर एक सांगतो, ग्रॅव्हिटी दुसरं. भांडण खोटं नव्हतं. बॅटरी कायम अर्धपोटी राहिली की ती उकळत नाही, म्हणजे चार्जिंगच्या शेवटी जे बुडबुडे यायला हवेत ते येत नाहीत. मग जड अ‍ॅसिड तळाशी बसतं आणि वरचं पाणचट होतं; ढवळलं न गेलेल्या सरबतासारखं. ग्रॅव्हिटी आपण वरून ओढतो, व्होल्टेज मात्र तळाच्या घट्ट अ‍ॅसिडकडे झुकलेला असतो. दोघांत असा फरक दिसला की समजावं, या बॅटरीला बऱ्याच दिवसांत नीट चार्ज मिळालेला नाही. आदल्या दिवशी ओसरीवरच्या कंट्रोलरनं अकरालाच 'फुल' म्हटलं होतं, हे काकींच्या हस्ताक्षरात कॅलेंडरवर लिहिलेलं होतं.

सातला एमसीबी वर केला. चहा, तांदळाची भाकरी, उसळ. ऊन गोठ्यावर यायला नऊ वाजले. साडेदहाला कंट्रोलर पूर्ण करंट ओढत होता, तेव्हा मोजलं. डीसी टाँगटेस्टर आधी केबलपासून लांब धरून शून्य केला. त्याच्या जबड्यात थोडं चुंबकत्व उरतं, शून्य न करता लावला तर अर्धा-एक अँपिअर फुकटचा दाखवतो. केबलला लावला, २१.४ अँपिअर. पॅनेलची नेमप्लेट प्रत्येकी साधारण ८.८ म्हणते, म्हणजे तिघांचे २६. पण नेमप्लेटवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या उन्हाचा. साडेदहाचं तिरकं ऊन आणि पॅनेलवरची पावसाळ्याची शेवाळी बघता २१.४ ला नाव ठेवायला जागा नव्हती. पॅनेलही मेली नव्हती आणि जुना कंट्रोलरही बहुधा मेला नव्हता.

कंट्रोलर पीडब्ल्यूएम असल्यामुळे इथे एक सोय होती. पॅनेलकडून येतो तोच करंट बॅटरीकडे जातो, कुठल्याही बाजूला मोजा. व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारा एमपीपीटी कंट्रोलर असता तर पॅनेलच्या बाजूला कमी आणि बॅटरीच्या बाजूला जास्त दिसला असता, आणि पॅनेलच्या बाजूचा आकडा बॅटरीच्या नावावर लिहिणारे मी बरेच पाहिलेत.

मग व्होल्टेज. ओसरीवर कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या स्क्रूंवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या तोंडाशी, २८.६. कोठीत जाऊन बॅटरीच्या टर्मिनलवर, केबलच्या लगवर, म्हणजे टोकाला दाबलेल्या कडीवर नव्हे, खालच्या शिशावर टोक टेकवून, २७.१. एका मिनिटाच्या आत दोन्ही. पुन्हा ओसरीवर येऊन खात्री केली, अजून २८.६.

दीड व्होल्ट. काकींनी विचारलं, "दीड म्हणजे फार?" म्हटलं, ताप ९८.६ ऐवजी १०० आला तर जेमतेम दीडच वाढतो.

आता हा दीड व्होल्ट नक्की कुठे सांडतो ते बघायचं होतं. यासाठी मी १२ मीटरची बारीक वायर गुंडाळून पिशवीत ठेवतो, दारावरच्या घंटीला वापरतात तसली. तिचं एक टोक ओसरीवर कंट्रोलरच्या प्लसला, दुसरं कोठीत मीटरच्या एका लीडला, आणि दुसरी लीड प्लस केबलच्या कोठीतल्या टोकाला. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एवढी बारीक वायर मधे आली तरी आकडा बिघडत नाही. प्लस केबलमध्ये ०.५७. मायनस केबलमध्ये ०.५७. हा दोष केबलच्या जाडीचा. तांब्याच्या ६ स्क्वेअर वायरीतून ९ मीटर जायचं आणि ९ मीटर यायचं, २१ अँपिअर घेऊन, तर हिशेबानंही तेवढंच येतं. मग फ्यूजहोल्डर, ०.२९. हे मात्र हिशेबात नव्हतं. हाताला तो कोमट लागत होता. उघडला तर आतल्या पितळी पात्यावर हिरवट थर. आणि बॅटरीच्या लगवर, शिशापासून लगपर्यंत अवघ्या एका सेंटिमीटरमध्ये, ०.०७. बेरीज दीड. एवढी नेमकी बेरीज सहसा जुळत नाही, त्या दिवशी जुळली.

ड्रॉप, म्हणजे वायरीत सांडणारा व्होल्टेज, मोजायचा तर करंट पूर्ण आणि सलग वाहत असतानाच मोजावा लागतो. साडेअकरानंतर टाँगटेस्टरचा आकडा नाचायला लागला, १४, ९, १२. कंट्रोलर २८.८ ला पोचला होता आणि पॅनेल चालू-बंद, चालू-बंद करत होता. पीडब्ल्यूएमचं कामच ते. त्या वेळी मीटर जे दाखवतो ती सरासरी असते. बॅटरीत किती गेलं हे मोजायला ती चालते, वायरीचा दोष शोधायला नाही. करंट निम्मा झाला की ड्रॉपही निम्मा दिसतो, आणि पहाटे करंट शून्य असताना दोन्हीकडे तंतोतंत सारखा व्होल्टेज दिसतो. आधी आलेल्यांपैकी एकानं संध्याकाळी साडेपाचला दोन्ही टोकं मोजली होती म्हणे, आणि केबलला क्लीन चिट दिली होती.

दीड व्होल्टनं होतं काय, तर कंट्रोलर फसतो. त्याला वेगळी सेन्स वायर नाही. स्वतःच्या स्क्रूवर जे दिसतं ते तो बॅटरीचं समजतो. बॅटरी २७.३ वर असताना तो २८.८ बघतो, 'पोचलो' म्हणतो, आणि करंट आवरायला लागतो. करंट कमी होतो तसा ड्रॉपही कमी होतो, त्यामुळे हळूहळू, रांगत, बॅटरी वर जाते; वेळ दिला तर जवळपास पोचेलही. पण वेळ मिळत नाही. या कंट्रोलरचं घड्याळ २८.८ ला स्पर्श होताच दोन तासांनी २७.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखायच्या व्होल्टेजवर, उतरायला लावलेलं. म्हणजे दीड वाजता, टळटळीत ऊन असताना, पॅनेल रिकामी बसायची आणि बॅटरी अर्धपोटी. हे एक-दोन दिवस खपतं. गोव्यात जूनपासून चार महिने असंच चाललं तर प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि सल्फेट बसलेली बॅटरी चार्जिंगला आणखी लवकर फुगते, कंट्रोलर आणखी लवकर फसतो. पहिल्या वर्षी हे जाणवलं नाही कारण बॅटऱ्या नव्या होत्या आणि फ्रिज नव्हता.

दुसरी गोष्ट टाँगटेस्टर हातात होता म्हणून सापडली. कोठीत दोन्ही जोड्यांचा करंट वेगवेगळा मोजला. पहिली जोडी १४.६ घेत होती, दुसरी ६.८. बेरीज बरोबर, वाटणी नाही. प्लस आणि मायनस दोन्ही केबली पहिल्याच जोडीवर आणून बांधलेल्या, आणि तिथून आखूड तुकड्यांनी दुसरी जोडी शेपटासारखी लटकवलेली. दुसऱ्या जोडीला प्रत्येक वेळी दोन जादा जोड ओलांडून करंट मिळणार, त्यातली एक लग नटाखाली ढिली. १२.१० वाली बॅटरी याच जोडीतली.

दुरुस्तीत पैसे फार गेले नाहीत, घाम गेला. जाड केबल आणायचा विचार आधी आला. मग वाटलं, केबल कशाला, कंट्रोलरच हलवू. पीडब्ल्यूएममध्ये ७२ सेलचं पॅनेल उन्हात तापूनही ३१-३२ व्होल्ट देऊ शकतं आणि बॅटरीला हवेत जास्तीत जास्त २८.८. मधले दोन-तीन व्होल्ट तसेही वाया जातात. मग दीड व्होल्ट सांडायचाच असेल तर तो पॅनेलच्या बाजूला सांडू दे, तिथे त्याला कुणी विचारत नाही. कंट्रोलर कोठीच्या भिंतीवर, पण बाहेरच्या अंगाला लावला, कारण बॅटऱ्यांवर टांगला असता तर त्यांच्या वाफेनं वर्षभरात त्याचे स्क्रू हिरवे झाले असते. कंट्रोलर ते बॅटरी आता १६ स्क्वेअरची दीड मीटर केबल, नवा फ्यूजहोल्डर, लगा नीट क्रिम्प केलेल्या. जुनी ६ स्क्वेअर तशीच राहिली, ती आता पॅनेलची लाइन झाली. प्लस पहिल्या जोडीवरून घेतला आणि मायनस दुसऱ्या जोडीवरून, तिरपा, म्हणजे दोघींना रस्ता सारखा. दुसऱ्या दिवशी २१ अँपिअरला ड्रॉप ०.०९. जोड्यांचा करंट १०.९ आणि १०.२.

घड्याळ दोन तासांवरून चार तासांवर नेलं. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर अंगातच आहे, तो आता बॅटऱ्यांच्या शेजारी आला हा फुकटचा फायदा. कोठीत दुपारी ३३ अंश असतात, आणि सेलमागे अंशाला ४ मिलिव्होल्ट धरले तर २५ अंशांसाठीचा २८.८ तिथे २८.४ वर यायला हवा. ओसरीच्या तापलेल्या भिंतीवर तो सेन्सर भलतंच काहीतरी मोजत होता.

आता आकडा ओसरीवरून दिसेना, आणि ते काकांना चालेना. म्हणून शंट लावला, म्हणजे अगदी कमी रोधाची मापाची पट्टी, जिच्यावरच्या मिलिव्होल्टवरून करंट कळतो. १०० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा, बॅटरीच्या मायनसवर. त्याच्या दोन छोट्या स्क्रूंवरून बारीक पिळलेली वायर आणि व्होल्टेजची वेगळी जोडी ओसरीपर्यंत, तिथे मीटर. बारीक वायरीतून करंट वाहत नसल्यामुळे इथे लांबी छळत नाही. आधी जाड केबल आणि लांब रस्ता होता, आकडा खोटा होता. आता वायर शिवणाच्या दोऱ्याएवढी आणि आकडा खरा, याचं काकांना फार आश्चर्य. तपासायला साध्या मल्टिमीटरनं शंटवरचे मिलिव्होल्ट मोजले, १५.८. त्याला १०० नं गुणून ७५ नं भागलं की २१.१. टाँगटेस्टर २१.२ म्हणत होता.

शंट बसवून मी ऐटीत साखळीला परतलो आणि तिसऱ्या दिवशी काकींचा फोन. "रात्री दोन्ही पंखे चालू, फ्रिज चालू, आणि तुझा मीटर ०.० दाखवतो. आमच्याकडे वीज फुकट झाली का?"

माझी चूक होती. कंट्रोलरचा मायनस शंटच्या पलीकडे घेतला होता, इन्व्हर्टरचा मात्र जुन्या जागी, थेट बॅटरीच्या टर्मिनलवरच राहिला. जे पोटात जात होतं तेवढंच मोजलं जात होतं, बाहेर जाणारं मागच्या दारानं निघून जात होतं. बॅटरीच्या मायनसवर शंटचा एक बोल्ट सोडून दुसरी एकही वायर असता कामा नये, हे मी दुकानात पोरांना दरमहा सांगतो. काकींनी विचारलं तेव्हा 'कनेक्शन राहिलं' एवढंच म्हणालो. पुढच्या रविवारी जाऊन दुरुस्त केलं. आता दुपारी कंट्रोलर २१ देतो, इन्व्हर्टर ६ ओढतो आणि ओसरीवरचा मीटर १५ म्हणतो. बॅटरीच्या वाट्याला तेवढेच येतात.

त्याच फेरीत इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जादा चार्ज देऊन सगळे सेल सारखे करणं, सुरू केलं. तीन दिवस उन्हात ३१ व्होल्टपर्यंत नेऊन, फ्रिज आणि पंखे बंद ठेवून, डिस्टिल्ड वॉटर घालून, कोठीची दारं-खिडक्या सताड उघडी. काकांना विडीची तलफ आली की त्यांना कुळागरात पाठवायचं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त चार सेलना उकळी आली, तिसऱ्या दिवशी बाकीच्यांना, त्या १.१५० वाल्या सेलला सोडून. पहिली जोडी १.२३० वर आली, दुसऱ्या जोडीतली चांगली बॅटरी १.२२५. तिची जोडीदारीण १.१९५ वर अडकली आणि तिचा तो सेल १.१७० च्या वर सरकायला तयार नाही. तिला सोडून दिलं. नवी बॅटरी आणली नाही. दोन वर्षं वापरलेल्या तिघींत एक कोरी घातली तर ती लवकरच त्यांच्यासारखी होते, पैसे मात्र नव्याचे जातात. माझ्या दुकानात त्याच कंपनीची, साधारण त्याच वयाची एक पडून होती, मोजून घेऊन ती बसवली. साठ-पासष्ट हजारांऐवजी काकांचा खर्च त्याच्या चौथाईच्याही आत आटपला. कंट्रोलरचे आधीच गेलेले पैसे यात धरलेले नाहीत. ते काकाही आता धरत नाहीत, फक्त जेवताना आठवण काढतात.

यानं पावसाळा जिंकला असं नाही. आषाढात तिथे ऊन आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही आणि वायर कितीही जाड असली तरी ढगातून करंट ओढता येत नाही. २०२४ च्या जुलैत काकींच्या वहीत ११ दिवस 'फ्रिज बंद' असं लिहिलेलं आहे. ही वही मीच धरायला लावली. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने पाडलेले: पहाटेचा व्होल्टेज, दुपारी बाराचा व्होल्टेज आणि अँपिअर, आणि शेवटी 'पोचला का?' या रकान्यात, २८.४ असताना करंट ६ अँपिअरच्या खाली उतरला असेल तरच बरोबरची खूण. ३०० एएचचे दोन टक्के म्हणजे ६. व्होल्टेज वर असून करंट अजून १२-१४ असेल तर बॅटरी अजून जेवते आहे. ऑगस्टभर त्या रकान्यात खुणांपेक्षा फुल्या जास्त आहेत, पण चारपाच दिवसांनी का होईना एक खूण येते, आणि पहाटेचा आकडा २४.२ च्या खाली गेलेला नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा वही चाळली. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. ५ तारखेच्या ओळीत २४.५, ६ तारखेच्या ओळीत २४.५ आणि शेजारी 'ऊन चांगले'. ७ तारखेला सगळे रकाने रिकामे, आडवं लिहिलंय, 'मोजले नाही. पाहुणे.' ८ तारखेला पहाटे २४.३, आणि समासात, लाल शाईत, 'जागरण.'